शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी कॉर्कचा जॅझ महोत्सव कसा ऐकावा?

तुम्ही मुलुंडचे, दोघंही निवृत्त, जन्मभर खयाल-ठुमरी ऐकलेले. ऑक्टोबरच्या शेवटी आयर्लंडमध्ये लेकीकडे कॉर्कला असाल आणि नेमका त्याच शनिवार-रविवारी तिथे जॅझ महोत्सव आहे. जॅझ कधी ऐकलेलं नाही, तर जावं का, इतक्या ठिकाणांतून कुठे बसावं, काय ऐकावं, दारू न पिणाऱ्यांनी पबमध्ये शिरावं का आणि बारा वर्षांच्या नातवाला नेता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

जरूर जा. मी गिरगावात राहतो, दोन्ही संगीतं लहानपणापासून ऐकत आलोय आणि कॉर्कचा हा महोत्सवही अनुभवलाय. तुमच्यासारखा तयार कान तिथे फार थोड्यांकडे असतो, हे मनापासून सांगतो. समोर बसलेला कलाकार त्या क्षणी काय रचतोय याकडे लक्ष देण्याची सवय तुम्हाला आहे. जॅझला श्रोत्याकडून हवं असतं ते एवढंच.

आधी जागेबद्दल. सवाईला एक मंडप, एक व्यासपीठ. तुम्ही बसता आणि कलाकार बदलत जातात. कॉर्कमध्ये उलटं आहे. ली नदीच्या दोन प्रवाहांच्या मधल्या बेटावर शहराचा मध्यभाग वसलाय आणि संगीत त्यात विखुरलेलं असतं: ऑपेरा हाऊस, नदीपलीकडे मॅकर्टन स्ट्रीटवरचं एव्हरीमन हे जुनं थिएटर, त्याच रस्त्यावरचं मेट्रोपोल हॉटेल, आणि गल्लोगल्लीचे पब. सगळं चालत गाठता येतं, आणि मोह तिथेच होतो. कार्यक्रमपत्रिका हातात आली की माणूस अर्धा तास इथे, वीस मिनिटं तिथे असं करू लागतो. रात्री हॉटेलांची नावं आठवतात, वाजलेलं काहीच आठवत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच: एका संध्याकाळी एकच जागा धरा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बसा. विलंबित खयाल सुरू होऊन दहा मिनिटं झाली म्हणून तुम्ही उठून जाल का? जॅझचा चमूही तसाच तापत जातो. पहिल्या दोन-तीन रचनांत ते एकमेकांचा अंदाज घेतात, ड्रमवाला खोलीचा आवाज समजून घेतो. खरं बोलणं सुरू होतं ते त्यानंतर.

आता ऐकायचं कसं. शास्त्रीय ऐकणाऱ्याला जॅझमध्ये पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे तानपुरा सा धरून ठेवतो. गायक कुठेही गेला तरी आधार जागचा हलत नाही. जॅझमध्ये सा धरून बसणारं कुणी नसतं. खालचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, दर एक-दोन बारला बदलतात (चार मात्रांचा एक बार धरा), आणि वाजवणाऱ्याला त्या बदलांना सांभाळत सुरावट उभी करायची असते. तेव्हा तानपुरा शोधू नका, बास ऐका. मागे उभं राहून माणसाहून उंच वाद्य बोटांनी छेडणारा तो वादक बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालतो आणि आधार आत्ता कुठे आहे ते सांगत राहतो. पहिल्या दिवशी बाकी सगळं सोडून नुसता बास ऐकलात तरी चालेल. शक्य तर त्याच्या बाजूला जागा घ्या.

दुसरी गोष्ट आवर्तनाची. रचनेची मूळ चाल आधी सगळे मिळून वाजवतात. त्याला ते हेड म्हणतात. मग तेवढ्याच लांबीच्या आवर्तनावर एकेक जण आळीपाळीने सुचेल ते वाजवतो, त्याला सोलो म्हणतात, आणि शेवटी पुन्हा हेड. फार चालणारी दोन मापं आहेत. एक बारा बारचं ब्लूज, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. दुसरं बत्तीस बारचं, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रा, आणि त्याचे आठ-आठ बारचे चार भाग: पहिली ओळ, तीच पुन्हा, मग वेगळी तिसरी, आणि परत पहिली. तिसऱ्या ओळीला ते ब्रिज म्हणतात. ब्रिज ओळखू आला की सम हाती लागल्यासारखं वाटतं. हेड वाजत असताना मनात मात्रा मोजा आणि सोलो सुरू झाल्यावर मोजणं सोडू नका. कलाकार कितीही दूर गेलेला वाटला तरी आवर्तन खाली चालूच असतं आणि नव्या आवर्तनाच्या तोंडाशी सगळे एकत्र भेटतात. तो आनंद तुम्हाला नवा नाही.

पायाने ठेका धरायचा तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखालच्या झांजा तिथेच मिटतात. पहिल्या मात्रेवर टाळी देण्याची आपली सवय मोडायला थोडा वेळ लागतो, पण एकदा जमलं की त्या संगीताचा झोका अंगात येतो.

आणखी एक, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटतं: जॅझमध्ये लय वाढत नाही. विलंबितातून द्रुतात जाण्याची आपण वाट बघत बसतो आणि ते घडतच नाही. बहुतेक रचना ज्या लयीत सुरू होतात त्याच लयीत संपतात. चढ असतो, पण तो स्वरांच्या दाटीत, आवाजाच्या जोरात, ड्रमने दिलेल्या धक्क्यांत. शेवटाकडे कधी चार-चार बार वाटून घेऊन ड्रम आणि इतरांची सवाल-जवाबी होते, ती तर तुम्हाला लगेच कळेल. प्रत्येक सोलो संपला की रचना चालू असतानाच टाळ्या द्यायच्या असतात. आपण वाहवा देतो तशीच ती दाद.

जाण्यापूर्वी घरी एकच ध्वनिमुद्रण पुरेसं आहे, पण ते पुन्हा पुन्हा ऐका: अमेरिकी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९च्या तबकडीतलं पहिलं, ‘सो व्हॉट’. नऊ-सव्वानऊ मिनिटांचं आहे. तुमच्यासाठी मुद्दाम हेच निवडलं, कारण यात कॉर्डची धावपळ नाही. पहिले सोळा बार सा हार्मोनियमच्या पांढरी दोनचा आणि स्वर काफी थाटाचे. मग आठ बारांसाठी तोच काफी अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर जातो. शेवटचे आठ बार परत पांढरी दोन. बस, एवढीच रचना. मूळ चाल बास वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन स्वरांचं उत्तर देतात. पुढे आधी डेव्हिसचा ट्रंपेट, मग जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग कॅननबॉल ॲडर्लीचा आल्टो सॅक्सोफोन, मग पियानो. सा वर सरकतो तो क्षण डोळे मिटून ओळखू येऊ लागला की तुमची तयारी झाली. रागाची शिस्त मात्र त्यात शोधू नका. काफीचे स्वर आहेत, काफी राग नाही.

आणि हे संगीत आपल्या शहराला परकं आहे असंही समजू नका. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे चमू वाजवत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात नेलं. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला तो उसळता ट्रंपेट तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक त्यांच्यासोबत काम करत. १९५८ साली अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसून त्याने वाजवलं होतं.

कॉर्कचा महोत्सव सुरू झाला १९७८ साली. ऑक्टोबरची सार्वजनिक सुट्टी तिथे तेव्हा नवीन होती. मेट्रोपोल हॉटेलातली ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा रद्द झाली आणि रिकाम्या खोल्या भरायला तिथल्या व्यवस्थापकाने जॅझ आणलं. १९८०मध्ये अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड तिथल्या ऑपेरा हाऊसमध्ये गाऊन गेली. आता १९७८ हे साल आमच्या धोबीतलावासाठीही मोठं आहे, कारण त्याच वर्षी निरंजन झवेरींच्या पुढाकाराने रंगभवनच्या उघड्या मंचावर ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा झाला. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्यात वाजवून गेला. हाच रोलिन्स त्याच्या दहाएक वर्षं आधी पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता! पुढे रुग्णालयं आणि शाळा जवळ म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनमधलं संगीत थांबलं. कॉर्क छोटं शहर असूनही त्यांनी आपला महोत्सव टिकवला, शहरभर पसरवला. मुंबईला ते जमायला हवं होतं, असं मला आजही तीव्रतेने वाटतं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात वर्षाखेरीस जॅझ महोत्सव होतो तो आवर्जून गाठा. तोपर्यंत तुम्ही परत आलेले असाल आणि कान ताजे असतील.

आता व्यवहाराचं. थिएटरातल्या बैठकीच्या कार्यक्रमांना तिकीट लागतं आणि चांगली तिकिटं लवकर जातात, तेव्हा लेकीला आधीच काढून ठेवायला सांगा. पबमधलं बरंचसं फुकट असतं. पण नावात जॅझ असलं तरी तिथे सोल, फंक, पॉप असं सगळं वाजतं. ते वाईट नाही, तुम्ही ज्यासाठी जाताय ते मात्र नाही. कार्यक्रमपत्रिकेत ट्रिओ, क्वार्टेट, क्विंटेट असे तीन-चार-पाच जणांचे चमू शोधा. शुक्रवारी थिएटरात बसून एक मैफल शांतपणे ऐका, कारण पबमध्ये लोक बोलत असतात आणि पहिल्याच दिवशी तुमची चिडचिड होईल. शनिवारी दुपारी, गर्दी व्हायच्या आत पबमध्ये जा. दारूचा आग्रह कुणी करत नाही, चहा किंवा सरबत मागितलं तरी कुणाला वावगं वाटत नाही; काउंटरवर जाऊन स्वतः घ्यायचं एवढंच. आतमध्ये धूरही नसतो, २००४पासून तिथे कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे.

हवा गार आणि पावसाळी असते. वारा सुटला की छत्री निरुपयोगी, टोपीचा रेनकोट न्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि बहुतेक वर्षी तो रविवार महोत्सवातच येतो. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो, तेव्हा रस्त्यावरची गंमत दिवसाउजेडी बघून घ्या.

नातवाला त्यासाठीच न्या. पितळी वाद्यांचे जथे न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीवर वाजवत रस्त्याने फिरतात आणि मुलं त्यांच्या मागे चालतात. पबमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑक्टोबरात रात्री नऊनंतर थांबता येत नाही आणि पंधराच्या आतलं मूल असेल तर सोबत पालक लागतात. तेव्हा त्याच्याबरोबर दुपारचाच बेत ठरवा. थिएटरच्या कार्यक्रमाला नेणार असाल तर तिकीट काढतानाच वयाची अट वाचून घ्या.