यूके सोराचा अर्ज भरण्याआधी

आधी एक बघ: तुझं ड्रोनचं काम पीडीआरए-०१ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने जोखीम आधीच तपासून ठेवलेल्या ठराविक कामांत, बसतंय का? बसत असेल तर सोराच्या, म्हणजे ड्रोन-उड्डाणाची जोखीम स्वतः मोजून दाखवण्याच्या, भानगडीत पडू नकोस. बसत नसेल, तर २३ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये स्पेसिफिक कॅटेगरीच्या (मध्यम जोखमीच्या उड्डाणांच्या) परवानगीसाठी जोखीम यूके सोरा पद्धतीनेच मांडावी लागते.

फॉर्म नंतर, आधी नकाशा घे. नवखे लोक फक्त उड्डाणाचा मार्ग आखतात आणि तिथेच फसतात. मार्गाभोवती कंटिन्जन्सीची जागा (ड्रोन भरकटला तर सावरण्यासाठी), आणि तिच्याही बाहेर जमिनीवरचा बफर (तो कोसळला तर पडण्यासाठी). साध्या एकास-एक नियमाने कंटिन्जन्सीसकट उंची १२० मीटर धरलीस, तर बफरही १२० मीटर. कारखान्याच्या छताचा सर्व्हे म्हणून निघालास, पण त्या बफरमध्ये शेजारच्या शाळेचं मैदान आलं की लोकसंख्येची घनता बदलते आणि ग्राउंड रिस्क, म्हणजे खालच्या माणसांना असलेला धोका, वर चढते. अशा वेळी उंची कमी करता येते का ते बघ. बफर लगेच आत येतो. ड्रोनच्या वजनापेक्षा त्याची सगळ्यात मोठी लांबी-रुंदी आणि कमाल वेग इथे मोजला जातो, हेही ध्यानात ठेव.

एअर रिस्क, म्हणजे हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर व्हायचा धोका, जवळचा विमानतळ आणि हवाईक्षेत्र पाहून ठरते. दोन्ही रिस्क मिळून सेल (SAIL) पातळी येते, म्हणजे उड्डाण सुरक्षित असल्याची किती खात्री द्यावी लागेल ते, एक ते सहा. पातळी जितकी वर, तितका भक्कम पुरावा. म्हणून बॅटरीच्या नोंदी, देखभालीची वही, पायलटच्या सरावाची तारीखवार नोंद आजपासूनच ठेवायला लाग. ऐनवेळी बसून लिहिलेल्या नोंदींवर मी तरी सही करणार नाही.