लाखेच्या तबकडीची खरखर : वाचकांचे प्रश्न

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या जॅझ तबकड्या कशा वाजवाव्यात आणि त्यांची खरखर कशी कमी करावी, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांना आधी सॉफ्टवेअरचं नाव हवं आहे. तो प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. बरीचशी खरखर चुकीच्या सुईमुळे, न धुतलेल्या खाचेमुळे आणि चुकीच्या जोडणीमुळे येते. ती तिथेच अडवली, तर संगणकाला फार काही करावं लागत नाही.

प्रश्न : घरच्या टर्नटेबलवर एल.पी. स्वच्छ वाजतात. त्याच सुईनं 1920 च्या दशकातली एक जॅझ तबकडी लावली, तर गाण्यापेक्षा खरखर मोठी. तबकडी गेली म्हणायची का? (गिरगाव)

तबकडीचा निकाल लावायची घाई करू नका, आधी सुई बदला. एल.पी.च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन असते. 78 च्या तबकडीची खाच वरच्या कडेला 150 मायक्रॉनच्या आसपास रुंद. इतकी बारीक सुई खाचेच्या दोन भिंतींवर टेकतच नाही. ती तळाशी जाऊन पडते आणि तिथल्या गाळात इकडेतिकडे भरकटते. संगीत भिंतींवर कोरलेलं आहे. तळाशी फक्त धूळ, लोखंडी सुयांचा चुरा आणि बुरशी.

या तबकड्यांना 65 ते 76 मायक्रॉनची, म्हणजे अडीच ते तीन 'मिल'ची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-95 एसपी 3 मिलची आहे, ऑर्टोफोनची 2एम 78 ही 65 मायक्रॉनची. दोन्ही गोल टोकाच्या आहेत आणि सुरुवातीला पुरेशा आहेत. पुढे खर्च करायचा झाला, तर टोक छाटलेली लंबगोल सुई घ्या. तिचं टोक तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे गाळाचा आवाज उचललाच जात नाही.

एक महत्त्वाची गोष्ट : खाच सगळ्या उंचीवर सारखी झिजत नाही. जुन्या लोखंडी सुया भिंतीच्या ज्या पट्ट्यावर घासत गेल्या, तो पट्टा खराब होतो. त्याच्या थोडा वर किंवा खाली भिंत बऱ्यापैकी शाबूत असते. म्हणून अडीच मिलच्या सुईनं आवाज फाटत असेल, तर साडेतीनची लावून बघा, मग दोनची. राखाडी पडलेली तबकडीसुद्धा कधीकधी एका सुईवर अचानक मोकळी वाजते. टाकून द्यायच्या आधी एवढं तरी करून बघाच.

प्रश्न : सुईचं वजन किती ठेवावं? जास्त ठेवलं तर झीज वाढेल ना? (नाशिक)

कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या डबीच्या) कागदावर जे लिहिलं आहे ते. वर सांगितलेल्या व्हीएम-95 एसपीला 5 ग्रॅम, 2एम 78 ला 1.8 ग्रॅम. वजन कमी ठेवून तबकडी वाचत नाही. हलकी सुई ट्रम्पेटच्या जोरदार सुरावर भिंत सोडते, पुन्हा आदळते, आणि प्रत्येक आदळण्याचा ओरखडा उठतो. सुरांच्या शिखरावर कर्कश 'चर्र' ऐकू आलं, तर वजन अर्धा ग्रॅम वाढवा, मात्र कागदावरच्या कमाल मर्यादेतच.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत जॅझच्या तबकड्या सापडल्या. सगळ्यांवर पांढरी बुरशी आहे. स्पिरिटनं पुसू का? (मडगाव)

स्पिरिट अजिबात नको. फर्निचरला फ्रेंच पॉलिश करणारा चपडी लाख कशात विरघळवतो ते आठवा : स्पिरिटमध्येच. तुमच्या तबकडीतही तीच लाख आहे, बाकी दगडाची पूड, सुताचे तंतू आणि काजळी. स्पिरिट लागलं की लाख सुटते आणि खाच कायमची जाते. एल.पी.साठी मिळणाऱ्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचून घ्या.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात फोटो धुताना वापरतात ते वेटिंग एजंट आठ-दहा थेंब घाला. रिठा, शिकेकाई, सुगंधी साबण नको. त्यांचा थर खाचेत बसतो. आधी कोरड्या मऊ ब्रशनं बुरशी उडवा, आणि हे घराबाहेर, नाकावर रुमाल बांधून. मग मऊ केसांचा ब्रश द्रावणात बुडवून, निथळून, खाचेच्या दिशेनं गोल फिरवा. आडवा कधीच नाही. एका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरे. लेबल ओलं होऊ देऊ नका, तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका. सुताचे तंतू पाणी पितात आणि फुगतात. कोलंबिया कंपनीच्या बऱ्याच तबकड्यांच्या आत तर कागदाचे थर आहेत. तडा असेल तर पाणी तिथून आत शिरतं. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं एकदा धुवा, लिंट न सुटणाऱ्या कापडानं टिपा आणि सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवली तर वाकेल.

पहिल्यांदा वाजवल्यावर सुईवर काळसर लोकर जमेल. ती ब्रशनं मागून पुढे काढा आणि तीच बाजू पुन्हा वाजवा. दुसऱ्या खेपेला आवाज बहुतेक वेळा स्पष्ट सुधारतो, म्हणून रेकॉर्डिंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेचं घ्या. बुरशीनं जिथे लाखच खाल्ली आहे तिथली बारीक तडतड मात्र धुण्यानं जाणार नाही.

प्रश्न : माझ्या टर्नटेबलला 33 आणि 45 एवढेच वेग आहेत. 45 वर वाजवून संगणकावर वेग वाढवला तर चालेल? (ठाणे)

चालेल, पण क्रम चुकला तर सगळं बिघडतं. फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) आवाज आत घेतानाच आर.आय.ए.ए.ची वक्ररेषा लावतो, म्हणजे एल.पी.साठी ठरल्याप्रमाणे खर्ज (खालचे सूर) उचलतो आणि तार (वरचे सूर) कापतो. ती रेषा ठरावीक हर्ट्झवर बांधलेली असते. तुम्ही नंतर वेग वाढवला, की रेषाही सोबत वर सरकते आणि खर्ज-तार दोन्ही भलतीकडे जातात. म्हणून असं करा : 45 वर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर कर्व्हमध्ये आर.आय.ए.ए. निवडून 'इन्व्हर्ट' करून ती रेषा पुसून टाका. मग वेग 1.739 पट करा (33⅓ वर घेतलं असेल तर 2.348 पट). आणि त्यानंतरच तबकडीची योग्य रेषा लावा.

विजेची 50 हर्ट्झची गुणगुण वेग वाढवायच्या आधी काढा. नंतर ती 45 च्या रेकॉर्डिंगमध्ये 87 हर्ट्झवर आणि 33 च्या रेकॉर्डिंगमध्ये 117 हर्ट्झवर जाऊन बसते, म्हणजे नेमकी डबल बासच्या अंगणात. तिथून ती काढायला गेलात तर बासही जातो. प्रीअँपवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा खर्ज कापणारा) असेल तर तो बंद ठेवा; वेग वाढवल्यावर त्याची कापही वर सरकते आणि बास खाते.

वाकलेल्या तबकडीला कमी वेग उलट सोयीचा पडतो. 78 वर उडणारी सुई 45 वर निमूट चालते.

प्रश्न : मी ट्रम्पेट वाजवतो. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या, जेनेट कंपनीच्या 1923 च्या तबकडीबरोबर सूर जुळवायला गेलो तर ती बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधेच कुठेतरी लागते. दोष कुठे? (पुणे)

दोष तबकडीत नाही आणि तुमच्या कानातही नाही. '78' हा आकडा त्या काळी अंदाजाचा होता. जेनेटचा रिचमंड, इंडियाना इथला स्टुडिओ तेव्हा मायक्रोफोनशिवाय, भोंग्यातून मुद्रण करत होता, आणि वेग तबकडीगणिक बदले. कोलंबियाच्या भोंग्याच्या काळातल्या तबकड्या तर साधारण 80 वर धरतात. पुढे 60 हर्ट्झच्या देशांत 78.26 आणि 50 हर्ट्झच्या देशांत 77.92 हे वेग पक्के झाले.

आता हिशेब. अर्धा स्वर म्हणजे सुमारे 6 टक्के. तुमची तबकडी 78.26 वर बरोबर मधोमध लागत असेल, तर 76.0 वर ती बी-फ्लॅटमध्ये येईल आणि 80.6 वर बी मध्ये. न्यू ऑर्लिन्सच्या कॉर्नेट-क्लॅरिनेटवाल्यांना बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ हे सूर हाताखालचे. बी मेजरमध्ये अख्खा बँड बसवण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. तेव्हा 76. मग क्लॅरिनेटचा कंप ऐका : वेग जास्त असेल तर तो शेळीच्या बें-बें सारखा लागतो. त्याच दिवशी मुद्रित झालेल्या दुसऱ्या बाजूवरही हाच वेग बसतो का, ते ताडून बघा.

स्ट्रोबची चकती (दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, अशी) वापरत असाल तर अमेरिकन चकती इथे कामाची नाही. तिच्यावर 92 रेघा असतात, त्या 60 हर्ट्झच्या विजेसाठी. आपल्या 50 हर्ट्झच्या दिव्याखाली 77 रेघांची लागते. 80 वेगासाठी 75 रेघांची. दिवा साधा पिवळा किंवा निऑनचा हवा. बरेच एल.ई.डी. लुकलुकतच नाहीत आणि रेघा नुसत्या धूसर दिसतात.

प्रश्न : अमेरिकन ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथच्या बँडची 1936 मध्ये मुंबईत मुद्रित झालेली रेक्स कंपनीची तबकडी आहे. वाजवल्यावर खर्ज ढबढबीत आणि ट्रम्पेट गोधडीखाली असल्यासारखा. सुई बरोबर आहे. (नागपूर)

तबकडी जपा, मुंबईतल्या जॅझचा तो अस्सल दस्तऐवज आहे. तुमचा प्रीअँप आर.आय.ए.ए.चा आहे आणि ती रेषा 1954 ची, एल.पी.साठीची. ती 10 किलोहर्ट्झला 13.7 डेसिबल कापते. 1936 च्या तबकडीत मुद्रणाच्या वेळी तार वाढवलेलीच नव्हती, म्हणजे नसलेली वाढ तुम्ही कापताय. शिवाय ती 500 हर्ट्झच्या खालून खर्ज उचलायला लागते. ब्रिटिश पद्धतीच्या विद्युत (मायक्रोफोनच्या) मुद्रणाला 250 हर्ट्झपासून सुरुवात करणं योग्य, म्हणजे तुमच्याकडे खर्ज जवळजवळ 6 डेसिबल जादा येतोय.

आर.आय.ए.ए. पुसा, 250 हर्ट्झखाली सप्तकामागे 6 डेसिबल चढ द्या, तार आहे तशी ठेवा. 1938 नंतरच्या अमेरिकन कोलंबियाला 300 हर्ट्झ आणि 10 किलोहर्ट्झला 16 डेसिबल उतार, असं धरून बघा. 1925 पूर्वीच्या भोंग्याच्या मुद्रणाला कुठलीच रेषा नको, सपाट ठेवा. हे आकडे आरंभबिंदू आहेत. शेवटचा निर्णय पियानोच्या डाव्या हातावर करा : डावा आणि उजवा हात एकाच पियानोचे वाटले पाहिजेत.

प्रश्न : आता सॉफ्टवेअर सांगाच. चटचट काढली तर ट्रम्पेट घोगरा होतो, खरखर काढली तर सगळं पाण्याखालून येतं. (डोंबिवली)

ऑडॅसिटी पुरेसं आहे. रेकॉर्डिंग 96 किलोहर्ट्झ, 24 बिटमध्ये, आणि तबकडी मोनो असली तरी स्टिरिओमध्ये घ्या. त्यातून खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या मिळतात. ट्रॅक दुभंगून एकेक ऐका. एक भिंत फारच झिजलेली असेल तर दुसरीच ठेवा. दोन्ही सारख्या असतील तर पातळी जुळवून एकत्र करा; सुईच्या वरखाली हालचालीचा आवाज, टर्नटेबलच्या घरघरीचा तेवढा भाग धरून, आपोआप वजा होतो. नुसतं ऐकायचं असेल, तर अँपवरचं मोनो बटण हेच काम करतं.

मग चटचट, आणि ती तार कापायच्या आधी. कापल्यावर चटक्याची टोकं बोथट होतात आणि सॉफ्टवेअरला ती ओळखू येत नाहीत. क्लिक रिमूव्हल 200 (थ्रेशोल्ड) आणि 20 (चटक्याची कमाल रुंदी) वर सुरू करा. ट्रम्पेट घोगरा होण्याचं कारण असं की पितळी वाद्याची लहर मुळातच अणकुचीदार असते. सॉफ्टवेअर तिलाच चटका समजून छाटतं. बँजोच्या नखीचंही तेच. तपासायची रीत : मूळ ट्रॅकची प्रत ठेवा, ती इन्व्हर्ट करा आणि साफ केलेल्या ट्रॅकमध्ये मिसळा. जे उरेल ते तुम्ही काढून टाकलेलं. त्यात फक्त चटचट ऐकू आली पाहिजे. धून ओळखू आली, तर पहिला आकडा वाढवा. ट्रम्पेटच्या सोलोत हे साधन वापरूच नका. तिथले चटके एकेक निवडून 'रिपेअर'नं काढा. ते एका वेळी 128 सॅम्पलपर्यंतच चालतं, तेवढं सहसा पुरतं. तडा गेलेल्या तबकडीत चटका दर 0.77 सेकंदाला येतो, त्यामुळे एक सापडला की पुढचा कुठे ते मोजून काढता येतं.

यानंतर तबकडीची रेषा, आणि खरखर (नॉइज रिडक्शन) सगळ्यात शेवटी. सुरुवातीच्या दोन-तीन मोकळ्या फेऱ्यांतून, चटका नसलेला तुकडा नमुना म्हणून द्या. 6 डेसिबलवर थांबा. 12 किंवा 18 वर जे पाण्याखालून येतं, ते खरखरीचे सुटे तुकडे असतात : सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला दार उघडतं, बंद करतं. शांत वाजणाऱ्या ड्रमवर कान ठेवा. स्नेअरवर फिरणारा तारांचा ब्रश म्हणजे स्वतःच एक प्रकारची सळसळ. संगणकाला त्यात आणि लाखेच्या खरखरीत फरक कळत नाही. ब्रश पुसला गेला की ताल लंगडा होतो. सलग, स्थिर खरखर कान दोन मिनिटांत बाजूला सारतो, पण उघडझाप करणारी खरखर त्याला शेवटपर्यंत सतावते.

ऐकायच्या प्रतीला विद्युत मुद्रणासाठी 8 आणि भोंग्याच्या मुद्रणासाठी 5 किलोहर्ट्झच्या वर हलका उतार द्या. मूळ रेकॉर्डिंग मात्र काहीही न कापता वेगळं ठेवा.

प्रश्न : याच तबकड्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजवल्या तर? (बेळगाव)

दुर्मीळ तबकडी नको. साउंडबॉक्सचं (ग्रामोफोनच्या सुई धरणाऱ्या डोक्याचं) वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं. ज्या गाण्याच्या दोन-चार प्रती हाताशी आहेत ते खुशाल लावा, आणि दर बाजूला नवी लोखंडी सुई. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांत सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धारदार कडा आलेल्या असतात. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली, की ती छिन्नीसारखी खाच तासत जाते.