फिलिप्सबर्गचे साडेतीन तास

प्रिय पोरी,

परवा तुझी आई पेढे घेऊन आली, हातात तू नोकरीला चाललेल्या क्रूझ जहाजाचा कागदही होता. "भावजी, ह्यात सारखं सिंट मार्टेन सिंट मार्टेन लिहिलंय. तिथं काय असतं?" मी म्हटलं, कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे, तिथं तिला साडेतीन तास असतात. ती हसली. मी खरं तेच सांगितलं होतं.

प्रवाशांना सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत बेट मोकळं. तुला नाश्त्याची सर्व्हिस आटपून, स्टेशन म्हणजे तुझ्या वाट्याची जागा आवरून, कपडे बदलून गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेवर, यायलाच अकरा वाजतील. ज्या दिवशी तुझं नाव आयपीएमच्या, म्हणजे बंदरात जहाजावरच थांबायच्या पाळीच्या, यादीत असेल, त्या दिवशी तेही नाही. सुरक्षेसाठी ठरावीक माणसं बंदरातही जहाजावर राहावीच लागतात, कुरकुर करू नकोस. आणि एखाद्या दिवशी पाय सुजले असतील तर सरळ केबिनमध्ये झोप. पहिल्या काँट्रॅक्टमध्ये मी दोन बंदरं झोपून काढली, अजून पश्चात्ताप झालेला नाही.

बाहेर पडलीस की आधी परतीचं बघायचं. क्रूला प्रवाशांच्या आधी परतावं लागतं, ती वेळ गँगवेजवळ लिहिलेली असते. ती जहाजाच्या घड्याळाची वेळ. हिवाळ्यात फ्लोरिडाहून निघालेलं जहाज या बेटावर पोचेपर्यंत तास पुढे जातो, उन्हाळ्यात जात नाही, कारण फ्लोरिडावाले घड्याळ बदलतात आणि बेटवाले बदलत नाहीत. मी एकदा आदल्या रात्री मनगटावरचं घड्याळ पुढे करायला विसरलो. किनाऱ्यावर निवांत नारळपाणी पीत बसलो होतो, तेवढ्यात आमच्या लॉन्ड्रीतला फिलिपिनो मुलगा धावत जाताना दिसला. तो का धावतोय हे कळायला मला अर्धा मिनिट लागलं, मग मीही धावलो. वॉर्निंग लेटर मिळालं ते मिळालंच. जहाज सुटलं असतं तर पासपोर्ट क्रू ऑफिसात, मी बेटावर, आणि पुढच्या बंदराचं तिकीट माझ्या खिशातून.

धक्क्यावरून गावात जायला वॉटर टॅक्सी आहे, पण चालत वीसेक मिनिटंच लागतात. गावाचं नाव फिलिप्सबर्ग. डचांच्या नोकरीतल्या जॉन फिलिप्स नावाच्या स्कॉटिश कप्तानाने १७६३ मध्ये वसवलेलं. एका बाजूला ग्रेट बे म्हणजे समुद्र, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याचं मोठं तळं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. समुद्राला लागून बोर्डवॉक, मग फ्रंट स्ट्रीट, त्यामागे बॅक स्ट्रीट. चार-पाच जहाजं एकदम लागली की फ्रंट स्ट्रीटवर गणपतीतल्या बाजारासारखी गर्दी.

तिथं तुला पहिला धक्का बसेल तो हिंदीचा. दागिन्यांची, अत्तरांची, कॅमेऱ्यांची कितीतरी दुकानं सिंधी मंडळींची. "आइये मॅडम, कौनसे जहाज पे हो?" अशी हाक आली की मन विरघळतं. विरघळू दे, बोल, चहा दिला तर पी. पण करमुक्त म्हणजे स्वस्त असं समजू नकोस. पहिल्या वर्षी मी तिथं कॅमेरा घेतला, भाव करून, स्वतःवर खूश होऊन. घरी आल्यावर कळलं की त्याची वॉरंटी भारतात चालत नाही, आणि मुंबईत तो जवळपास त्याच भावात मिळत होता. दुकानदाराने फसवलं नाही, मीच विचारलं नव्हतं.

आता खरं सांगायचं ते. आठ-नऊ वेळा मी त्या बेटावर उतरलो आणि फ्रंट स्ट्रीटवरूनच परत फिरलो. १७९३ चं पांढरं-हिरवं कोर्टहाउस बघितलं, फोटो काढले, बेट झालं. एकदा दुकानांचा कंटाळा आला म्हणून एका बोळातून मागे गेलो, बॅक स्ट्रीट ओलांडला, आणि पाच-सात मिनिटांत त्या तळ्याच्या काठी येऊन उभा राहिलो. वाऱ्यावर ओळखीचा वास आला. मी शिरोड्याचा माणूस. आमच्या आजोबांच्या तोंडी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी असायच्या, आणि मिठागराच्या बांधावर आम्ही पोरं वाढलो. तळं बघताक्षणी कळलं, हे मिठाचं गाव आहे.

मग एका बसवाल्याने सांगितलं, पुढे मी वाचलंही. डच लोक या बेटावर १६३१ मध्ये आले ते मिठासाठीच; हेरिंग मासा खारवायला त्यांना मीठ लागायचं. आपण बांगडा खारवतो तसंच. पुढे ते मीठ काढायला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना जुंपलं. तळपत्या उन्हात, खारट पाण्यात उघड्या पायांनी, डोक्यावर ओझी. मिठागरात काम करणाऱ्यांच्या तळव्यांना काय होतं ते तुला मी सांगायला नको, तुझी आजी तेच करायची. पण आजी संध्याकाळी घरी येत असे.

बेटाचे दोन भाग आहेत, दक्षिणेकडे डच आणि उत्तरेकडे फ्रेंच. १६४८ च्या तहाने झालेली वाटणी अजून चालू आहे. सगळं बेट जेमतेम ८७ चौरस किलोमीटर. फ्रेंचांनी १८४८ मध्ये गुलामगिरी बंद केली, डचांनी १८६३ मध्ये. म्हणजे मधली पंधरा वर्षं एकाच बेटावर टेकडीपलीकडचा माणूस मोकळा आणि अलीकडचा कागदोपत्री गुलाम. लोक सरळ चालत पलीकडे जायचे. आज त्या सीमेवर चौकी नाही, पासपोर्ट नाही, नुसता एक खांब आहे. तळ्यात आता मीठ काढत नाहीत. काही भाग भर घालून बुजवलाय, आणि तळ्यातच गावाचा कचराडेपो आहे, कधीकधी धुमसतो. प्रवाशांच्या नकाशात हे कोणी दाखवत नाही. जवळच्या चौकात मिठागरातल्या कामगारांचे पुतळे आहेत. तिथं जरा थांब.

माहो बीच तुला मैत्रिणी दाखवतीलच. विमानतळाची धावपट्टी पाण्याला टेकलेली, उतरणारं विमान डोक्यावरून इतकं खालून जातं की हात वर करावासा वाटतो. बघ, मजा आहे. पण मोठं विमान उडायच्या वेळी कुंपणाला लटकायचा खेळ करायचा नाही. २०१७ च्या जुलैत इंजिनाच्या झोताने एका बाईचा तिथं जीव गेला. आणि वेळ कमी असेल तर माहोला जाऊच नको. वाटेत सिम्पसन बेचा पूल आहे, तो यॉटसाठी उघडतात, आणि उघडला की गाड्यांची रांग हलत नाही. त्या रांगेत बसून घड्याळाकडे बघण्यासारखा छळ नाही.

त्यापेक्षा बस पकड. छोट्या व्हॅन असतात, नंबरप्लेटवर बस लिहिलेलं. चढताना मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणायचं, सगळ्यांना उद्देशून. नाही म्हटलंस तर उद्धट ठरशील. दुकानातही तेच, आधी नमस्कार, मग भाव. उतरायच्या जागी "स्टॉप" म्हणून हाक द्यायची. डॉलर सगळीकडे चालतात, सुट्टे ठेव. अशा बसमध्ये इर्मा वादळाची आठवण काढलीस तर कोणीतरी नक्की बोलेल. ६ सप्टेंबर २०१७, पाचव्या श्रेणीचं वादळ. घराघरांची छपरं उडाली होती.

खायला जॉनी केक घे, तळलेली पोळी-पावासारखी, गरम असतानाच. ग्वावाबेरीची बाटली सगळे घेतात. तो पेरू नव्हे, करवंदाहून लहान रानफळ आहे, रममध्ये मुरवतात, नाताळात घरोघरी असते. माझ्यासाठी आणू नकोस, गँगवेवर काढून घेतात आणि मग कटकट. किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं आलेलं झाड दिसलं, खोडाला लाल पट्टा असला, तर पावसात त्याच्या आडोशाला जायचं नाही. त्यावरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. फळ तर तोंडाला लावूच नको.

आणि घरी फोन. बेटावर दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तुझी आई तेव्हा भांडी आवरून खळ्यात येऊन बसते, मला इथून दिसते. बाराला कर. मुलाखतीसारखे प्रश्न विचारेल, जेवलीस का, काय जेवलीस, कोणाबरोबर. सगळ्यांची उत्तरं दे.

तुझा,
शेजारचा काका