घरचा साइडकार आंबट आणि पाणचट का होतो?

तुम्ही विचारलंय की बेळगावातल्या दुकानातून आणलेल्या ब्रँडीचा साइडकार, म्हणजे ब्रँडी-लिंबाचं कॉकटेल, दोनदा केला, दोन्ही वेळा आंबट आणि पाणचट झाला, आणि घरी शेकरही नाही. ब्रँडी बदलण्याआधी लिंबू आणि बर्फ बघा.

माप असं: ब्रँडी ५० मिली, ट्रिपल सेक (संत्र्याच्या सालीच्या स्वादाचं गोड मद्य) २० मिली, लिंबाचा रस २० मिली. १९२२ साली छापलेल्या कृतींत तिन्ही समसमान आहेत, पण ते आजच्या जिभेला फार आंबट लागतं. शिवाय मूळ कृती जाड सालीच्या पिवळ्या लेमनची आहे. गणपत गल्लीत आपल्याला मिळतं ते कागदी लिंबू, त्याचा वास उग्र. म्हणून रस १५ मिलीच घ्या. शेवटच्या थेंबासाठी साल चेंगरू नका, सालीतलं तेल उतरून कडवटपणा येतो. अंदाजाने ओतू नका. औषधाच्या बाटलीचं मिलीच्या खुणा असलेलं टोपण पुरतं.

आता बर्फ, पाणचटपणाचं खरं कारण. करंट जाऊन-येऊन अर्धवट वितळलेला, पुन्हा गोठलेला बर्फ ओला असतो, हलवायच्या आधीच पाणी सोडतो. चुराही नको. ट्रेमधले ७-८ कोरडे, मोठे खडे लागतात. फ्रीजरमध्ये मासळी असेल तर ट्रे झाकून ठेवा. बर्फ वास धरतो आणि तो ग्लासात कळतो.

शेकरऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. थर्मास नको, कारण आत किती गार झालं ते बाहेरून समजत नाही. डब्यात सगळं घालून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. डब्यावर पांढुरकं दंव धरलं आणि बोटं चिकटायला लागली की थांबा. त्यापुढे फक्त पाणी वाढतं. लगेच चहाच्या गाळणीतून, पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ग्लासात गाळा.

ब्रँडी घेताना लेबल वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्रँड्या मुख्यतः मळीच्या स्पिरिटच्या असतात, वर कॅरॅमलचा रंग. लिंबू पडलं की त्यांचा स्वाद विरून जातो. द्राक्षाची ब्रँडी असा उल्लेख असलेलीच घ्या. स्वस्त म्हणून चोर्ला घाटातून गोव्याची बाटली परवान्याशिवाय आणू नका, तो गुन्हा आहे.

ट्रिपल सेक मिळत नसेल तर दोन संत्र्यांची फक्त केशरी साल ५० ग्रॅम साखरेत चुरून चार-पाच तास झाकून ठेवा. साखर तेलाने ओली झाली की २५ मिली कोमट पाणी घालून गाळा. हा पाक १५ मिली पुरे. पेय सौम्य होतं, पण संत्र्याचा वास छान येतो.

खऱ्या ट्रिपल सेकचा, म्हणजे ४० टक्के अल्कोहोलवाला घातलेला एक ग्लास सव्वादोन स्मॉल पेगांएवढा होतो, लिंबामुळे ते जाणवत नाही. तेव्हा गाडी काढायची असेल तर नकोच.

तरीही आंबट लागला तर वरून साखर टाकू नका, गारव्यात ती विरघळत नाही. ट्रिपल सेक ५ मिली वाढवा.