गोळी एकच का?

मुलगी 23 वर्षांची. डॉक्टरांनी ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ सांगितलं, गोळी मात्र एकच, तीही पंधरा दिवसांची. बाकी नुसतं बोलायला बोलावतात. डॉक्टर बदलू का? (एक आई, राजारामपुरी)

नका बदलू, ताई. या आजारात भावना क्षणात टोकाला जातात, नाती डळमळतात. खास त्याची अशी गोळीच नाही. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्यापुरती देतात. ते ‘नुसतं बोलणं’ हाच उपचार. त्यात सर्वाधिक अभ्यास झालाय डीबीटीचा (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावनांचा उद्रेक सांभाळायची कौशल्यं शिकवणारी पद्धत). अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत घडवली, पहिली चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीर सांगितलं. पूर्ण डीबीटी म्हणजे आठवड्याला एक बैठक एकटीची, एक गटाची, आणि हे साधारण वर्षभर. गटात वही असते, गृहपाठ असतो, चक्क शाळाच. दोन महिन्यांत ‘फरक नाही’ म्हणून सोडवू नका.

रात्री स्वतःला इजा करावीशी वाटली म्हणून थेरपिस्ट मॅडमना फोन केला. बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायला लावलं आणि पाच मिनिटांत फोन ठेवला! (वय 26, शाहूपुरी)

राग येणारच. पण मॅडम बरोबर होत्या. परातीत गार पाणी, बर्फाचे चार खडे, श्वास रोखून वाकायचं, डोळे-गाल पाण्यात, तीसेक सेकंद. हृदयाचे ठोके मंदावतात, उसळी ओसरते. (हृदयाचा किंवा खाण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) डीबीटीतला फोन शिकलेलं त्या क्षणी वापरता यावं म्हणून असतो, मन मोकळं करायला बैठक आहे. फोन लागलाच नाही तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत.

कोल्हापुरात मला डीबीटीवाले सापडले नाहीत. दर आठवड्याला पुणे करू? (वय 31, मंगळवार पेठ)

एवढा प्रवास महिनाभरात नकोसा होईल. ऑनलाइन बघा. शिवाय डीबीटी हा एकच रस्ता नाही. लहानपणापासून मनात रुजलेल्या समजुतींवर काम करणारी स्कीमा थेरपी आहे. लंडनच्या बेटमन आणि फोनागी यांची एमबीटी आहे (मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजे आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकवणारी). ती मला फार आवडते. समजा, मैत्रीण रंकाळ्यावर येते म्हणाली आणि आली नाही. मेसेजला निळी टिक, उत्तर नाही. तुमच्या मनात लगेच ‘मी तिला नकोशी झाले’. थेरपिस्ट तिथेच थांबवून विचारतात: हे कशावरून? तिच्या डोक्यात आणखी काय चाललं असेल?

कुणाकडेही गेलात तरी पहिल्याच बैठकीत विचारा, ‘रात्री-अपरात्री मला असह्य झालं तर आपलं काय ठरलंय?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करा.