आजोबांची एमजीबी हाती घेताना

आजोबांमागे एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार वारशाने आली, की जळगावच्या आरटीओत फॉर्म ३१ (वारसाच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज) भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी आणि भावकीची संमती लेखीच घ्यावी.

इंजिनाला मात्र लगेच स्टार्टर मारू नये. खानदेशच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोलचा चिकट थर साचलेला असतो. म्हणून टाकी रिकामी करून, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे आणि मगच इंजिन हाताने फिरवून पाहावे.

१९६७ पूर्वीच्या एमजीबीत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असून धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे इलेक्ट्रिशियनला आधीच बजावावे, कारण सवयीने तो ऋण टोकच जोडेल.

रंगाची घाई नको. दाराखालचा पत्रा गंजला असेल, तर गाडीचा कणाच पोखरलेला समजावा.