नव्या मेमरीच्या कंपनीत जाण्याआधी

प्रिय मित्रा,

नव्या प्रकारची मेमरी बनवणाऱ्या कंपनीत जावं की डीरॅमच्या, म्हणजे संगणकातल्या नेहमीच्या मुख्य मेमरीच्या, रुळलेल्या वाटेनं, असं तू विचारलं आहेस. वेग, टिकाऊपणा, वीजखर्च यांची तुलना तू मन लावून केली आहेस, पण त्यात एक रकाना राहिला: गिगाबाइटमागे किंमत किती, आणि ती खाली कशी येणार? मेमरीच्या धंद्यात बऱ्याचदा निकाल तिथेच लागतो.

थ्रीडी क्रॉसपॉइंटचा इतिहास नीट वाच. इंटेल आणि मायक्रॉननं ही मेमरी जुलै २०१५ मध्ये जाहीर केली. फ्लॅशपेक्षा (पेनड्राइव्ह, एसएसडीमधली साठवणीची मेमरी) खूप वेगवान, डीरॅमपेक्षा दाट (तेवढ्याच जागेत जास्त माहिती), शिवाय वीज गेली तरी माहिती शाबूत. तंत्र खोटं नव्हतं. २०१९ मध्ये याच मेमरीची, इंटेलनं ऑप्टेन या नावानं विकलेली ५१२ जीबीपर्यंतची मॉड्यूल सर्व्हरमध्ये थेट डीरॅमच्या स्लॉटमध्ये बसू लागली. पण ती चालायची इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर, आणि तिचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर सॉफ्टवेअर नव्यानं लिहावं लागे. मग खप बेताचा, म्हणून उत्पादन बेताचं, म्हणून चिप महाग, आणि महाग म्हणून पुन्हा खप बेताचा. तिकडे फ्लॅशवाले थरावर थर चढवत भाव पाडतच होते. मार्च २०२१ मध्ये मायक्रॉननं अंग काढून घेतलं आणि यूटामधला लीहायचा कारखाना पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला ९० कोटी डॉलरना विकला. जुलै २०२२ मध्ये इंटेलनंही ऑप्टेन गुंडाळलं. पडून राहिलेल्या मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. इतकं चांगलं अभियांत्रिकी काम असं वाया गेलेलं पाहून मला आजही हळहळ वाटते.

महाग मेमरी चालतच नाही, असं मात्र समजू नकोस. एचबीएम (डीरॅमच्या चिप एकावर एक रचून बनवलेली वेगवान मेमरी) साध्या डीरॅमपेक्षा बरीच महाग आहे, तरी एआयसाठीचे जीपीयू, म्हणजे एकाच वेळी पुष्कळ गणितं करणारे प्रोसेसर, बनवणाऱ्यांना ती हवीच असते, कारण माहिती वेळेत पोचली नाही तर लाखमोलाचा प्रोसेसर नुसता बसून राहतो. एचबीएममधला सेल, म्हणजे माहितीचा एकेक बिट साठवणारा कप्पा, जुन्या डीरॅमचाच आहे, त्यामुळे कारखान्यांचं वर्षानुवर्षांचं कसब कामी आलं. शिवाय २०१३ मध्ये जेडेक या मेमरी उद्योगाच्या मानक संस्थेनं तिचं मानक ठरवल्यामुळे ती कुणा एकाच्या मालकीची राहिली नाही.

तुझ्या कंपनीची एमरॅम (चुंबकीय रूपात माहिती साठवणारी नवी मेमरी) डीरॅमला हटवणार असेल, तर मी तुला जाऊ नकोस म्हणेन. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या डीरॅम बनवणाऱ्या तिघांच्या भावाशी नवखी कंपनी टक्कर देऊ शकत नाही. पण ती एमरॅम मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणं चालवणाऱ्या छोट्या चिपच्या) आत बसवायची असेल, तर खुशाल जा. चिप बनवण्याचं तंत्र २८ नॅनोमीटरपेक्षा बारीक झालं की तिथली फ्लॅश लहान करणं फार अवघड आणि खर्चिक होतं, म्हणून फाउंड्र्यांनी, म्हणजे इतरांच्या चिप बनवून देणाऱ्या कारखान्यांनी, स्वतःहून एमरॅम घेतली आहे. ही गरज खरी आहे.

तेव्हा मुलाखतीत त्यांना विचार, वेफर (चिप ज्यांवर बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) कोणत्या फाउंड्रीत बनतात, पैसे मोजणारा पहिला ग्राहक कोण आणि पुढच्या पिढीत सेल लहान कसा होणार. काय म्हणाले ते मला कळव. तोवर होकार देऊ नकोस.

तुझा,
सर